दुसऱ्या आवृत्तीतला नवरदेव

शहापूर, ६ नोव्हेंबर २०२३

सकुवहिनी,

नमस्कार. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ठेवून देता. पत्र तसं ठेवता येत नाही. शिवाय मी आता लेखक झालो आहे, तेव्हा दोन ओळी हाताने लिहिलेल्या बऱ्या.

सोबतच्या पुडक्यात माझी कादंबरी आहे, "माचीवरचा पहारा". ऐतिहासिक प्रेमकथा. माहुलीच्या पायथ्याच्या गावात लग्नात धवल्यांची गाणी म्हणणारी मुलगी आवडी, आणि गडावरच्या चौकीचा शिपाई रायाजी. दोघांचं लग्न ठरतं, मांडव उभा राहतो, आणि त्याच दिवशी गडाला वेढा पडतो. पुढचं सांगत नाही, सूनबाई कुणालीकडून वाचून घ्या.

तीन वर्षं लिहीत होतो. मंगल कार्यालयाच्या जुन्या पावतीपुस्तकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर. पुण्याच्या प्रकाशकांनी गठ्ठा हातात घेतला तेव्हा आधी वास घेतला. म्हणाले, "याला जिलबीचा वास येतोय." म्हटलं, लग्नाच्या घरातलं पुस्तक आहे, येणारच. त्यांनी मांडव घालण्याची माझी चाळीस पानं कापली. मेढी कशा रोवायच्या, कापडाला ताण कसा द्यायचा, सगळं गेलं. म्हणाले, प्रेम वाढवा, इतिहास चवीपुरता ठेवा. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी एक चूक मात्र बरोबर पकडली. पेशवाईतल्या लग्नात मी पाहुण्यांना खुर्च्या मांडल्या होत्या. वहिनी, चाळीस वर्षं खुर्च्या मांडतोय, हात आपोआप गेला.

प्रकाशन आमच्याच कार्यालयात झालं. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं. त्यांनी मुखपृष्ठावर वीस मिनिटं भाषण केलं आणि चांगलं केलं. मी बोलायला उभा राहिलो तर माईक शिट्टी मारायला लागला. माझाच माईक. तुमचा कोंडू असता तर पळत जाऊन त्याने आवाज खाली घेतला असता आणि मला दोन शिव्या हासडल्या असत्या. त्याला जाऊन सहा वर्षं झाली, तरी माईक बिघडला की मी अजून उजवीकडे बघतो.

पहिल्या पानावर "कोंडूस" असं छापलं आहे. एक भोंगा, एक अॅम्प्लिफायर आणि बैलगाडीवर बॅटरी, एवढ्यावर आम्ही दोघं मुरबाडातली सगळी गावं फिरलो. आंब्यावर चढून भोंगा तो बांधायचा, खाली मी वायर धरायचो. त्या दिवसांचं पुस्तकात बरंच आहे, फक्त भोंगा नाही.

आणखी एक शक्कल केली आहे. यंदा आमच्या कार्यालयात लग्न करणाऱ्या प्रत्येक नवरीला आहेर म्हणून पुस्तक देतो. दुकानात पडून राहण्यापेक्षा घरोघरी जाईल.

वाचून झालं की कळवा. तुमचं मत मला पुण्याच्या मतापेक्षा मोठं आहे.

तुमचा
भगीरथ


मुरबाड, २२ डिसेंबर २०२३

भगीरथ भावजींना सकुबाईचा नमस्कार.

अक्षर माझं, कुणालीचं आहे. आई सांगतात तसं लिहिते.

पुस्तक पोचलं. दुपारची भांडी झाली की कुणाली धा-बारा पानं वाची. शेवटची पानं वाचली त्या दिवशी मी मधीच उठून गेली. तुमी हे बरं केलं नाय. इतक्या वर्षांची वळख. माझं घ्यायचं होतं तर एका शब्दानं विचारायचं. आता चार बायांत मी काय तोंडानं जाऊ.

भात झोडून झाला. आमचा शेखर बरा आहे. तुमी तब्येतीला जपा.

सकुबाई


शहापूर, २९ डिसेंबर २०२३

सकुवहिनी,

आतलं बंद पाकीट फक्त तुमच्यासाठी आहे. कुणाली, बाई तू शहाणी आहेस, उघडू नकोस. वहिनी, रात्रशाळेच्या साक्षरता वर्गात तुम्ही पहिल्या आला होतात, कोंडूने पेढे वाटले होते, मला आठवतं. अक्षर मोठं काढलं आहे. सावकाश वाचा.

(पाकिटातलं)

वहिनी, तुम्ही ओळखलंत. मला वाटलं होतं दोनशे वर्षं मागे नेऊन ठेवलं की कोणी ओळखणार नाही.

होय, आवडी तुम्हीच आहात. लग्नात धवले म्हणणारी मुलगी दुसरी कुठून आणू? ऐंशी सालचा माघ. म्हसा गावात लग्न होतं. हौसामावशी धवलारीण, तुमची सख्खी मावशी, पुढे बसली होती आणि तुम्ही तिच्या पाठीमागे बसून तिच्या ओळी उचलत होतात. माईक मी मावशीसमोर ठेवला होता. भोंग्यातून तिचा आवाज येत होता, पण माझ्या कानाला मागचा आवाज लागला. मी उठलो आणि माईक दोन बोटं तिरका केला. एवढंच. त्या दोन बोटांवर अडीचशे पानं उभी आहेत.

कोंडूला हे कधी ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हावं असं काही घडलंही नाही. पुढच्या वर्षी त्याने मला सांगितलं, "सरळगावची सकू, धवलारणीची भाची, तिला मागणी घालतोय." मी म्हटलं, घाल. मुलगी चांगली आहे. आणि चांगलीच निघाली.

तुम्हाला चारचौघांत मान खाली घालावी लागत असेल तर माझ्यासारखा करंटा नाही. पण पुस्तकात आवडीबद्दल एक ओळ उणी लिहिलेली नाही, हे तुम्ही ऐकलंच असेल. क्षमा असावी.

भगीरथ


मुरबाड, १९ जानेवारी २०२४

भगीरथ भावजी,

हे पत्र माझ्या हातचं. लिहायला आठ दिस लागले, म्हणून उशीर. तुमचं पाकीट वाचायला चार दिस लागले. कुणालीला दाखवलं नाय. तिनं विचारलं पण नाय, म्हंजे तिला कळलंच.

पहिली गोष्ट. ती आवडी मी हाय हे मला तुमचं पाकीट येईस्तोवर कळलं नव्हतं. मी कधी बुरुजावर उभी राहिली? तुमची आवडी भात लावत नाय, लाकडं आणत नाय, अडीचशे पानांत एकदा जेवली ती पण अर्धी भाकर. कुणाली बोलली, आई, ही बाई जगते कशावर? त्या माईकचं तुमी सांगितलंत ते वाचलं. माझं वय झालं, तुमचं पण झालं. त्याचा मला राग नाय. राहू दे ते.

माझी तक्रार धवल्याची हाय.

तुमच्या पुस्तकात जो धवला घातलाय तो हौसामावशीचा. येशीवर दिवा लावा गो, वाट उजळा, नवरा नदी उतरला, पाय ओला. हा दुसऱ्या कोणाला येत नाय. मावशीनं मला दिला, मी अजून कोणाला दिला नाय. तुमी मांडवात बसून बसून कानानं उचललात. उचललात ते उचललात, पण अर्धा सोडलात. रायाजी मेल्याची खबर येते आणि आवडी गाणं थांबवते. भावजी, ह्या धवल्यात नवरा वाटंत असतो. एकेका कडव्याला पुढं येतो. झाडाशी येतो, नदीशी येतो, येशीशी येतो, मग मांडवात. गाणं थांबलं की तो वाटंतच राहतो. म्हणून धवलारीण धवला अर्धा टाकत नाय. नवऱ्याला उशीर झाला तर ती कडवी वाढवते पण थांबत नाय. तुमच्या पुस्तकात रायाजी अजून नदीतच उभा हाय.

आणि ते पुस्तक तुमी आहेर म्हणून घरोघरी धाडलंत. नवरीच्या हातात. नवरा न येणाऱ्या लग्नाचं पुस्तक.

धसईला कमळाबाईच्या नातीच्या हळदीला मला बोलवलेलं. मी बसली, पहिली ओळ काढली. कमळाबाई पुढं आली. म्हणाली, "सकू, तो नको गो. तो पुस्तकातला. त्यात नवरा मरतो." मी दुसरा म्हटला. पंधरा दिसांनी टोकावड्याला तेच. आता मी तोंड उघडलं की बाया एकमेकींकडं बघतात, हा तोच का म्हणून.

साठ वर्षांची झाली मी. हा धवला माझ्यामागं कोणी म्हणल की नाय ती काळजी होतीच. आता माझ्या जिवंतपणी पण कोणी ऐकून घेत नाय.

आमच्या लग्नात कोंडू किती उशिरा आलेला तुमाला ठाऊक. मावशी थांबली होती का?

सकुबाई


शहापूर, ७ फेब्रुवारी २०२४

सकुवहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि दोन दिवस कार्यालयात कोणाशी धड बोललो नाही. मुलगा म्हणाला, बाबांना नवीन पुस्तक सुचलं वाटतं.

आहेराची पुस्तकं त्याच दिवशी बंद केली. मग नेहमीच्या डोक्याने उपाय शोधू लागलो. म्हटलं पेपरात निवेदन देऊ. मुलगा म्हणाला, हळदीला कोण पेपर वाचतं? म्हटलं तुमचा सत्कार करू, शाल देऊ. शालीने धवला कसा सुटणार, हे माझं मलाच कळलं. मग प्रकाशकांना फोन लावला. पहिली आवृत्ती संपत आली आहे. दुसरी काढताना शेवट बदलतो म्हटलं. ते म्हणाले, "भगीरथराव, वाचक शेवटाला रडतात. परीक्षणात शेवट अटळ म्हटलंय. नवऱ्याला जिवंत केलात तर पुस्तक मरेल."

खरं सांगतो, मलाही तो शेवट सोडवेना. माझ्या आयुष्यात कोणी मला अटळ म्हटलेलं नाही.

पण तुम्ही पत्राच्या शेवटी जे विचारलंत, त्याचं उत्तर द्यायला हवं. मावशी थांबली नव्हती. आणि त्या दिवसाचं एक मी कोणाला सांगितलेलं नाही.

सकाळीच अॅम्प्लिफायरचा व्हॉल्व्ह जळाला. कोंडू हट्टाला पेटला, माझ्या लग्नात भोंगा वाजलाच पाहिजे. कल्याणला जाऊन व्हॉल्व्ह आणतो आणि तसाच थेट सरळगावला येतो म्हणाला. मी म्हटलं, मी जातो, तू नवरदेव आहेस. तो म्हणाला, तुला दुकान सापडायचं नाही. मी पुन्हा म्हटलं नाही. मित्राला असं दुसऱ्यांदा म्हणायचं असतं, वहिनी. मी एकदाच म्हटलं.

आम्ही वऱ्हाड घेऊन सरळगावला आलो. त्याचं बाशिंग माझ्या हातात होतं, कुठे चुरगळू नये म्हणून. मुहूर्त टळला. तीन तास गेले. मावशीची कडवी संपली तेव्हा तिने त्याला कल्याणच्या रस्त्यानं आणायला घेतलं. म्हारळला आला, कांब्याला आला, रायत्याला पाणी प्याला, गोवेलीला बसला. माणसं हसत होती, मग हसायची थांबली. मी मांडवाच्या मागे उभा होतो. तुमचे राघोमामा कोणाला तरी म्हणाले, "तो काय येत नाय. बाशिंग त्याच्या हातात हाय, बांधा त्यालाच. पोरगा कमावता हाय."

ते मी ऐकलं. आणि बाशिंग खाली ठेवलं नाही.

मनात काय आलं ते लिहीत नाही, तुम्ही समजा. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा कोंडू आला. एसटी चुकली म्हणून नदीपर्यंत ट्रकवर आणि पुढे पायी. मी पळत जाऊन त्याच्या कपाळाला बाशिंग बांधलं. त्याने माझा हात दाबला. म्हणाला, "तू होतास म्हणून निभावलं."

छत्तीस वर्षं त्याच्यासमोर मी हे गिळलं. आणि पुस्तक लिहायला बसलो, तर रायाजीला काही केल्या मांडवात आणता येईना. त्याला मारलं तेव्हाच पेन पुढे चाललं. लोक त्याला अटळ म्हणतात. ते काय होतं ते मला माहीत आहे.

भगीरथ


मुरबाड, १ मार्च २०२४

भावजी,

राघोमामाचं बोलणं मी पण ऐकलं होतं. मामाचा आवाज काय हळू होता? साऱ्या मांडवानं ऐकलं. एकट्या तुमीच ऐकलं असं तुमाला वाटलं.

आता मी सांगते ते ऐका. मी हळद लावून आत बसलेली. मावशीचा घसा बसत आलेला. मुरबाड गाव आलं आणि तिची गावं सरली. तिनं माझ्याकडं बघून डोळ्यानं विचारलं, थांबू का? ती थांबली असती तर मामानं तुमाला पाटावर बसवला असता. आईबापांची ना नव्हती. तुमी वाईट नव्हता, हे मी तेवाच बघितलेलं.

मी मान हलवली. थांबू नको. मावशी कानाशी म्हणाली, पोरी, आता गाव उरला नाय. मी बोलली, नदी हाय ना. आणि मीच सुरू केला. नवरीनं आपला धवला म्हणायचा नसतो. मी तोंडावर पदर घेऊन म्हटला. नदीला पाणी किती, नवरा कुठून उतरला, कोणता पाय आधी टाकला, सगळं म्हटलं. येशीवर आणला तवा बाहेर पोरं ओरडली, आला, आला.

कोंडूला ट्रकनं नाय आणला. मी आणला.

तुमाला मनात काय आलं त्याचं मला काय नाय. माणूस मांडवाबाहेर उभा राहिला की मनात काय पण येतं. कोंडूनं तुमचा हात धरला ते खरंच होतं, बाशिंग तुमीच जपलंत. पण तो धवला मी ज्यासाठी म्हटला ते तुमच्या पुस्तकानं मोडलं. ते तुमी नीट करा. पेपर नको, शाल नको.

सकुबाई


शहापूर, २५ एप्रिल २०२४

सकुवहिनी,

चाळीस वर्षं माझ्या कानांची मी फुशारकी मारली. कुठल्या गावातला कुठला भोंगा फाटका आहे ते मैलावरून सांगायचो. त्या दिवशी धवल्याचा आवाज बदललेला मला ऐकू आला होता. मला वाटलं, मावशीचा घसा मोकळा झाला.

सोबत अठरा पानं आहेत, हाताने लिहिलेली. नवा शेवट. छापायच्या आधी पाठवतो आहे. यावेळी विचारतो आहे.

खबर येते की माचीवरची चौकी पडली. सगळ्यांना वाटतं रायाजी गेला. म्हातारी धवलारीण थांबते. आणि आवडी स्वतः धवला उचलते, गडावरून खाली प्रत्येक वळणाशी त्याला आणते. तिला मी जेवायलाही घातलं आहे, दोन भाकरी आणि सुकट. कुणालीला सांगा.

प्रकाशक ऐकत नव्हते. मग त्यांना म्हटलं, साहेब, पहिली आवृत्ती कुठे संपली? निम्मी माझ्या कार्यालयात. दुसरीही तिथेच जाणार आहे, आणि लग्नघरात रडकं पुस्तक घेऊन मी पुन्हा जाणार नाही. त्यांनी विक्रीचा हिशोब बघितला. मग म्हणाले, बरं, रायाजीला एखादी जखम तरी ठेवा. म्हटलं, दंडाला ठेवतो.

चालेल की नाही ते मनापासून सांगा. नाही म्हणालात तर धवला पुस्तकातून काढून टाकतो, पुस्तक त्याच्याशिवाय उभं राहो की पडो.

भगीरथ


मुरबाड, १४ मे २०२४

भावजी,

पानं मी स्वतः वाचली. चालंल. धवला राहू दे.

एकच. रायाजी नदी उतरून येतो आणि तुमी त्याला सुक्या पायानं मांडवात उभा केलाय. पाय ओले करा. सुक्या पायाचा नवरा कोणी खरा मानणार नाय. आणि गाणं चालू असताना आवडीला रडवू नका. गाताना रडू येत नाय, वेळ नसतो. नंतर येतं.

भाकरीचं कुणालीला सांगितलं. ती म्हणाली, आता जगंल.

सकुबाई


शहापूर, ११ नोव्हेंबर २०२४

सकुवहिनी,

दुसरी आवृत्ती सोबत आहे. पाय ओले केले आहेत, पान दोनशे एकेचाळीस. आवडी शेवटच्या पानावर रडते, सगळे जेवायला बसल्यावर.

गेल्या वर्षी आहेर दिलेल्या घरांची यादी कार्यालयात होतीच. दिवाळीच्या आधी स्वतः गाडी घेऊन फिरलो, शेवट चुकला होता असं सांगून जुनं पुस्तक परत घेतलं आणि नवं दिलं. आसनगावच्या एका नवरीने विचारलं, "काका, म्हणजे तो मेला नव्हता?" मी म्हटलं, नाही गो, मलाच घाई झाली होती. काहींनी जुनं परत दिलं नाही, त्यांना दोन्ही हवीत. धसईला कमळाबाईंकडेही गेलो. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि मला उभं ठेवून सुनेकडून शेवटची अठरा पानं वाचून घेतली. मग चहा दिला.

पुण्याहून परीक्षण आलं आहे. नवा शेवट "सोयीचा" वाटतो म्हणतात. कात्रण ठेवलेलं नाही.

भगीरथ


मुरबाड, ९ डिसेंबर २०२४

भावजी,

काल कमळाबाईच्या धाकट्या नातीचं लगीन झालं. मला घ्यायला तिचा पोरगा शाम आला, जीप घेऊन. मी कमळाबाईला आधीच विचारलं, कोणता म्हणू? ती म्हणाली, "तू आणि मला विचारतेस गो? तोच म्हण, सगळा म्हण."

कुणाली माझ्या पाठीमागं बसलेली. चार कडवी तिनं बरोबर उचलली, पाचव्याला चुकली, मी सांभाळून घेतली.

तुमच्या मांडवाचं सामान होतं, नवा माईक. तुमच्या माणसानं तो माझ्यासमोर ठेवला. मी त्याला सांगितलं, थोडा मागं वळव.

झाडाशी आणला, नदीशी आणला, येशीशी आणला. मधी पोरं सांगत आली, आजी, नवरदेव कवाचा मांडवात बसलाय, आता बस कर. खरंच बसलेला, बाशिंग बांधून, घड्याळ बघत.

नवरा वेळेवर आलेला. तरी मी सगळा म्हटला.

सकुबाई